दोष रक्तात होता का?

एका वाचक भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

2021 च्या एप्रिलमध्ये त्या आपल्या लहान मुलासह माहेरी होत्या. मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला जाऊन आल्यावर चार दिवसांनी घरात सर्वांत आधी त्यांना ताप आला आणि पुढच्या आठवड्याभरात घरातली आठही माणसे करोनाबाधित झाली. 61 वर्षांचे वडील आणि 57 वर्षांचे काका त्यातून वाचले नाहीत. वडिलांना रक्तदाबाचा त्रास होता, काकांना मधुमेह. वडिलांनी लसीचा पहिला डोस घेऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि त्यांना ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले. 27 वर्षांचा धाकटा भाऊ काही दिवस ऑक्सिजनवर राहून बरा झाला. 84 वर्षांच्या आजीचे आणि मधुमेह असलेल्या आईचे मात्र साध्या तापावर निभावले. काकू, त्या स्वतः आणि मुलगा यांनाही फारसा त्रास झाला नाही.

आता भावाचे लग्न ठरत आले आहे. मुलीकडच्या एका ज्येष्ठ नातेवाइकाने ‘त्या घरात पुरुष टिकत नाहीत, रक्तातच काहीतरी दोष असणार’ असे म्हटल्याचे त्यांच्या कानावर आले. त्याच सुमारास लाळेच्या नमुन्यावरून ‘विषाणूंना तोंड देण्याची जनुकीय क्षमता’ सांगणाऱ्या एका चाचणीची जाहिरात त्यांनी मोबाइलवर पाहिली. भावाने ती चाचणी करून सगळ्यांची तोंडे बंद करावीत असे त्यांना वाटते, आणि भाऊ ठाम नकार देतो. चाचणी करावी का, मुलीकडच्यांना काय सांगावे, आणि स्वतःच्या मुलाचीही चाचणी करून घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राची शेवटची ओळ अशी आहे: ‘बाबा आणि काका रक्तातल्या दोषामुळे गेले असतील, तर निदान ते माझ्यामुळे गेले नाहीत, असे मला मानता येईल.’

उत्तर:

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण चाचणीचा तुमचा आग्रह मला तरी त्या ओळीतून आलेला दिसतो. बोलणारा नातेवाईक रक्ताला दोष देतो आणि तुम्ही स्वतःला दोष देता, आणि या दोहोंपैकी कोण खरे ते एका प्रयोगशाळेने ठरवावे, अशी तुमची अपेक्षा आहे. ती अपेक्षा कोणतीही जनुकीय चाचणी पुरी करू शकणार नाही. तिचा निकाल काहीही आला तरी तुमच्या मनातला आरोप त्याने सुटणार नाही, म्हणून तो आरोप आधी तपासू.

घरात पहिला ताप तुम्हाला आला, यावरून विषाणू तुम्हीच आणला असे ठरत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत या आजारात दोन ते चौदा दिवस लागू शकत होते. शिवाय लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि काही जणांकडून मुळीच लक्षणे नसताना, तो पसरत होता. त्यामुळे सर्वांत आधी आजारी पडलेली व्यक्ती आणि सर्वांत आधी बाधित झालेली व्यक्ती एकच असते, असे धरता येत नाही. तुम्ही बारशाला गेलात त्याच आठवड्यात घरातले इतर कोणी दुकानात, बँकेत, दवाखान्यात गेले नव्हते का? वडिलांनी लस घेतली, म्हणजे ते लसीकरण केंद्रावरच्या रांगेत उभे राहिलेच असतील. ते दिवस करोनाच्या डेल्टा प्रकाराच्या लाटेचे होते, आणि एकत्र राहणाऱ्या घरात एकाला झाल्यावर बाकीच्यांनाही होणे तेव्हा सर्रास घडत होते. विषाणू घरात कोणत्या दारातून आला हे आज कोणालाही सिद्ध करता येणार नाही. समजा तो तुमच्यासोबत आला असेल, तरीही संसर्ग पोहोचणे आणि त्या संसर्गाने माणूस दगावणे यांच्यामध्ये वय, जुने आजार, लसीची वेळ, ऑक्सिजन मिळायला लागलेले दोन दिवस आणि हो, जनुके, अशी अनेक कारणे उभी असतात. त्याच विषाणूने तुमच्या 84 वर्षांच्या आजीला चार दिवस ताप देऊन सोडून दिले. हा फरक तुम्ही घडवलेला नाही.

आता रक्ताच्या गोष्टीकडे येऊ. मुलीकडच्या त्या नातेवाइकाचे बोलणे दुखावणारे आहे, पण त्यामागची शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही. संसर्गजन्य आजार किती तीव्र होईल यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे पुष्कळ आधीपासून माहीत आहे. अडचण अशी की एका घरातली माणसे जनुकांबरोबरच स्वयंपाकघर, हवा, पैसा आणि दवाखानाही वाटून घेतात, त्यामुळे ‘एका घरात दोघे गेले’ एवढ्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी डेन्मार्कमध्ये थॉर्किल्ड सोरेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक मुलांचा अभ्यास केला, जो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. 1924 ते 1926 या काळात जन्मलेली आणि परक्या घरात दत्तक गेलेली मुले असलेली 960 कुटुंबे त्यांनी पाहिली. जन्मदात्या आईवडिलांपैकी कोणी पन्नाशीच्या आत संसर्गजन्य आजाराने गेले असेल, तर त्या मुलांचा संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळपास सहापट आढळला. वाढवणाऱ्या आईवडिलांच्या अशा मृत्यूचा मात्र मुलांच्या धोक्याशी संबंध दिसला नाही. तेव्हा रक्ताचा वाटा आहे. पण या अभ्यासातली ‘पन्नाशीच्या आत’ ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होईल.

हा वाटा शरीरात काम कसा करतो? विषाणू पेशीत शिरला की पेशीतली काही प्रथिने त्याची जनुकीय सामग्री ओळखतात. टीएलआर3 आणि टीएलआर7 ही त्यांपैकी दोन नावे या विषयात वारंवार येतात. त्यांनी इशारा दिला की पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडतात, आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणू पोहोचण्याआधीच सावध होतात. ही सगळी धावपळ पहिल्या काही दिवसांतली असते. ती वेळेवर झाली तर आजार अंगावर निघून जातो. ती उशिरा झाली तर विषाणूला मोकळे रान मिळते आणि नंतर उशिराने भडकलेली प्रतिकारयंत्रणा फुप्फुसांचेच नुकसान करू लागते. जनुकांमुळे पडणारा फरक पुष्कळदा या पहिल्या टप्प्यातला असतो.

हा फरक दोन अगदी वेगळ्या जातींचा असतो, आणि तुमच्या पत्रातला गोंधळ, तसाच जाहिरातीतलाही, या दोन जाती एकात मिसळल्यामुळे झाला आहे.

पहिली जात दुर्मिळ पण जबरदस्त परिणाम करणाऱ्या दोषांची. फ्रान्समध्ये 2011 साली अडीच वर्षांच्या एका निरोगी मुलीला साध्या फ्लूने श्वसन बंद पडण्यापर्यंत नेले. तपासात तिच्या, इंटरफेरॉनच्या याच साखळीतल्या आयआरएफ7 या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी निघाल्या, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आईवडील दोघेही ठणठणीत होते, कारण त्यांच्याकडे दुसरी चांगली प्रत होती. 2020 मध्ये नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळ्या कुटुंबांतल्या भावांच्या दोन जोड्या, सगळे तरुण आणि धडधाकट, कोविडने अतिदक्षता विभागात पोहोचले आणि त्यांतला एक दगावला. चौघांच्याही टीएलआर7 जनुकात दोष होता. त्याच वर्षी जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या 659 कोविड रुग्णांपैकी 23 जणांमध्ये, म्हणजे साडेतीन टक्क्यांमध्ये, इंटरफेरॉनच्या साखळीतले असे दोष सापडले. त्यांच्यापैकी अनेकांना तोवरच्या आयुष्यात या दोषाची चाहूलही लागलेली नव्हती.

तुमच्या घराला हे लागू पडेल का, ते तपासताना ‘पुरुष टिकत नाहीत’ या वाक्याची थोडी उलटतपासणी करू. टीएलआर7 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एकच एक्स असते आणि ते त्याला आईकडून मिळते. वडिलांकडून मुलाला वाय गुणसूत्र जाते, एक्स कधीही जात नाही. म्हणजे क्षणभर असे धरले की तुमचे बाबा आणि काका या दोघांनाही आजीकडून असा दोष आला होता, तरी बाबांकडून तो तुमच्या भावाकडे जाणे शक्यच नाही. तो तुमच्याकडे येईल, आणि तुमच्याकडून मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असेल. ज्याच्या लग्नावरून एवढे बोलले जात आहे, तो भाऊ या हिशेबात पहिल्याच पायरीवर बाजूला पडतो. हे मी तुम्हाला मुलाच्या काळजीत टाकण्यासाठी लिहिलेले नाही. हा दोष साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुष रुग्णांतही शंभरात एक-दोघांतच आढळला आहे. तुमचे बाबा 61 वर्षांचे आणि काका 57 वर्षांचे, दोघेही पन्नाशीच्या पुढचे होते, बाबांना रक्तदाब आणि काकांना मधुमेह होता, म्हणजे दोघांच्याही आजाराला उघड कारणे होती, आणि त्याआधी कोणत्याही विषाणूने त्यांना अंथरुणाला खिळवल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तुमच्या मुलाला पाचव्या वर्षी कांजिण्या झाल्या आणि त्या घरीच बऱ्या झाल्या, त्याच्या सगळ्या लसी काही न होता पार पडल्या, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. तेव्हा त्याची आज कोणतीही चाचणी करण्याचे कारण मला दिसत नाही. अल्पवयीन मुलाच्या जनुकांबद्दल, जिच्यावर आज काही करता येणार नाही अशी माहिती काढून ठेवणे त्याच्या हिताचेही नाही.

कोविडमध्ये पुरुष जास्त दगावले हे मात्र खरे आहे, आणि ते जगभर दिसले. त्यामागच्या कारणांपैकी एक 2020 मध्येच पुढे आले. अत्यवस्थ झालेल्या 987 रुग्णांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली, आणि त्या 101 पैकी 95 पुरुष होते. अशी प्रतिपिंडे वयाबरोबर, विशेषतः सत्तरीनंतर, वाढतात. काही मोजके आनुवंशिक विकार सोडले तर ती बापाकडून मुलाकडे जात नाहीत. एखाद्या घरातल्या पुरुषांवर ठपका ठेवावा असे यात काही नाही.

दुसरी जात सर्रास आढळणाऱ्या आणि लहानसा परिणाम करणाऱ्या फरकांची आहे. जाहिरातीतल्या चाचण्या बहुतांशी हेच फरक पाहतात. यांतला सर्वांत गाजलेला फरक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. इटली आणि स्पेनमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून तो 2020 च्या जूनमध्ये पुढे आला. त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्टे पाबो यांनी दाखवले की डीएनएच्या सुमारे 50 हजार अक्षरांचा हा जनुकीय तुकडा निअँडरथाल मानवाकडून आपल्याकडे आलेला आहे. पाबो यांना पुढे 2022 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तुकड्याची किमान एक प्रत दक्षिण आशियातल्या साधारण निम्म्या लोकांकडे आहे, युरोपात सुमारे 16 टक्क्यांकडे, आणि पूर्व आशियात तो जवळपास नाही. तेव्हा तुमच्या भावाचा अहवाल ‘धोक्याचा प्रकार आढळला’ असा आला, तर त्याचा अर्थ तो भारतातल्या निम्म्या लोकांसारखा आहे, एवढाच होईल. लग्नाच्या बैठकीला मुलीकडचे जितके लोक येतील, त्यांच्यातल्याही साधारण निम्म्यांकडे तो असेल, आणि बोलणारे ते ज्येष्ठ गृहस्थही त्या निम्म्यांत असू शकतील.

या तुकड्याने गंभीर आजाराची शक्यता युरोपीय रुग्णांमध्ये सुमारे दीडपट ते दुप्पट होत होती. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्याच आजारात वय सहा-सात वर्षांनी वाढले की मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होत होता. म्हणजे हा फरक अंगी असणे हे ढोबळमानाने काही वर्षांनी मोठे असण्यासारखे आहे, आणि भावी जावई चार-सहा वर्षांनी मोठा आहे म्हणून त्याच्या रक्तात दोष आहे असे कोणी म्हणत नाही. शिवाय युरोपातले हे गणित आपल्याकडे तसेच्या तसे लावता येईल का, यावरच मतभेद आहेत. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला 2020 मध्ये बांगलादेशी वंशाच्या लोकांत मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या दुप्पट आढळला, तेव्हा अनेकांनी या तुकड्याकडे बोट दाखवले. त्या अहवालात लोकांचे व्यवसाय आणि आधीचे आजार हिशेबात घेतलेले नव्हते. नंतर हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2021 मध्ये असे मांडले की युरोपीय लोकांत धोका दाखवणारे हे फरक दक्षिण आशियात तशीच भूमिका बजावताना दिसत नाहीत. मला स्वतःला या विषयात सावध राहणेच योग्य वाटते. ज्या लोकसमूहावर चाचणी पारखली गेली नाही, त्यांच्या हातात तिचा निकाल टक्केवारीच्या स्वरूपात देणे मला अन्यायाचे वाटते.

‘चांगले रक्त, वाईट रक्त’ ही वाटणीच विषाणूंच्या बाबतीत टिकत नाही, हे मला विशेष आवर्जून सांगायचे आहे. कोविडमध्ये धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा हाच तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी असल्याचे झेबर्ग यांनीच 2022 मध्ये दाखवले. उत्तर युरोपात आढळणारा सीसीआर5 जनुकातला 32 अक्षरे गळालेला प्रकार दोन्ही प्रतींत असेल, तर एचआयव्हीपासून जवळपास पूर्ण संरक्षण मिळते, पण त्याच लोकांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास अधिक होण्याची शक्यता असते. निअँडरथालांकडून आलेला दुसरा एक तुकडा, बाराव्या गुणसूत्रावरचा, कोविडची तीव्रता कमी करतो. एका विषाणूसमोर जे उणे ठरते ते दुसऱ्यासमोर अधिक ठरते, आणि पुढचा विषाणू कोणता येईल हे कोणालाच ठाऊक नसते.

मग या संशोधनाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग मोठा आहे, पण तो एकेका माणसाचे भविष्य सांगण्यात नाही. ब्रिटनमधल्या 208 अतिदक्षता विभागांतल्या 2,244 रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास केनेथ बेली यांच्या गटाने 2020 मध्ये केला, तेव्हा पेशीत इंटरफेरॉनचा संदेश पुढे नेणाऱ्या टीवायके2 या जनुकाचा गंभीर आजाराशी संबंध दिसला. त्याच साखळीवर काम करणारे, संधिवातासाठी आधीपासून वापरात असलेले बॅरिसिटिनिब हे औषध नंतरच्या मोठ्या चाचणीत दाखल रुग्णांचे मृत्यू सुमारे 13 टक्क्यांनी कमी करणारे ठरले. हजारो लोकांच्या जनुकांतून मिळालेल्या खुणेला अशा औषधामुळे बळ मिळाले, आणि ते औषध ज्यांना द्यायचे त्यांची जनुके तपासावी लागली नाहीत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. जाहिरातीतली ती चाचणी भावाने करू नये, आणि त्याचा नकार मला योग्य वाटतो. लाळेच्या अशा स्वस्त चाचण्या जनुकांमधल्या आधी ठरवलेल्या काही ठिकाणांवर नजर टाकतात. फ्रान्समधल्या मुलीत किंवा डच भावांत सापडले तसे दुर्मिळ दोष त्यांत बहुधा दिसतच नाहीत. ते पाहायचे तर जनुकांचा संपूर्ण क्रम वाचावा लागतो आणि सापडलेला फरक खरोखर दोष आहे का हे प्रयोगशाळेत पेशींवर तपासावे लागते. म्हणजे ज्याची भीती आहे ते या चाचणीला दिसणार नाही, आणि जे दिसेल त्यावरून करण्यासारखे काही नाही. अहवाल चांगला आला तरी तो मला धोकादायकच वाटतो, कारण ‘माझी जनुके भक्कम आहेत’ म्हणून लस टाळणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. कोविडची गंभीर अवस्था टाळण्यात लसीचा वाटा या सर्रास फरकांच्या परिणामाहून कितीतरी मोठा राहिला आहे. भावाचे शरीर त्याचे आहे आणि निर्णयही त्याचाच असला पाहिजे. लोकांची तोंडे बंद करण्यासाठी त्याने स्वतःची जनुके पुढे ठेवावीत, ही अपेक्षा तुम्ही सोडून द्यावी असे मी कळकळीने सुचवतो.

मुलीकडच्यांना काय सांगावे? जे घडले ते. बाबा आणि काका 2021 च्या लाटेत गेले, एकाला रक्तदाब होता, एकाला मधुमेह, आणि भाऊही काही दिवस ऑक्सिजनवर होता. यात लपवण्यासारखे काही नाही आणि लपवले तर उगाच संशय वाढेल. हे बोलणे मध्यस्थामार्फत न करता भावाने मुलीशी थेट करावे, कारण संसार त्या दोघांना करायचा आहे. त्याचबरोबर, लग्नाआधी रक्ताची चौकशी करायचीच असेल तर जिचे उत्तर स्पष्ट मिळते अशी एक चाचणी दोघांनीही करून घ्यावी, असे तुम्ही पुढाकार घेऊन सुचवा. एचपीएलसी ही साधी रक्तचाचणी थॅलसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक ओळखते. दोघेही थॅलसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि ते आधी कळले तर करण्यासारखे पुष्कळ असते. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलसाठी ही तपासणी आता अनेकांच्या ओळखीची झाली आहे, ती बाकीच्या महाराष्ट्रातल्या लग्नघरांतही रूढ व्हायला हवी. ती दोन्ही बाजूंनी करायची असल्यामुळे कोणाचा मानही दुखावला जात नाही.

तुमच्यासाठी, आणि तुमच्यासारखे पत्र लिहू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी, एक काम सुचवतो. वहीचे एक कोरे पान घ्या आणि त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आणि जे हयात नाहीत त्यांच्यावर तिरकी रेघ. प्रत्येकाजवळ वय किंवा मृत्यूचे वय, कारण, मधुमेह-रक्तदाब-दमा असे दीर्घ आजार, आणि विषाणूचा एखादा आजार फार बळावला असल्यास तो कोणत्या वयात, हे लिहा. तुमच्या पानावर बाबांच्या चौकोनापाशी ‘61, करोना, रक्तदाब, पहिला डोस दहा दिवसांपूर्वी, ऑक्सिजन दोन दिवस उशिरा’ असे येईल. आजोबांच्या चौकोनापाशी, तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे त्याप्रमाणे, ‘73, हृदयविकार’ येईल. आजोबांचे भाऊ, बाबांचे मामा, त्यांचे मुलगे हेही लिहा. ‘त्या घरात पुरुष टिकत नाहीत’ हे वाक्य त्या पानासमोर किती टिकते, ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल. पुढे आई, काकू किंवा भाऊ कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेले तरी डॉक्टरांना हे पान कोणत्याही लाळेच्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

काही घरांना मात्र तज्ज्ञाकडे जायलाच हवे, आणि त्यांनी माझ्या वरच्या धीराच्या शब्दांवर थांबू नये. आधी निरोगी असलेल्या लहान मुलाला किंवा तरुणाला फ्लू, कोविड, कांजिण्या यांपैकी कशाने अतिदक्षता विभागात न्यावे लागले असेल, नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूने मुलाच्या मेंदूला सूज आली असेल, गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या लसीनंतर गंभीर आजार झाला असेल, दुसरा कोणताही आजार नसलेली दोन सख्खी माणसे पन्नाशीच्या आत संसर्गाने गेली असतील, किंवा रक्ताच्या नात्यात लग्न झालेल्या आईबापांचे मूल वारंवार गंभीर आजारी पडत असेल, तर प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचा तपास करून घ्यावा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था या क्षेत्रात काम करते, आणि तिथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीतून जातो. दोष सापडला तर लसींचे वेळापत्रक, प्रतिबंधक औषधे आणि ताप आल्यावर किती लवकर दाखल करायचे, हे सगळे बदलते. अशा चाचणीच्या निकालावर कृती करता येते, म्हणून ती करावी.

आपल्याकडे दरवर्षी पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो, की एकाच घरात एकाला साधा ताप आणि दुसऱ्याला प्लेटलेट कमी होऊन धावपळ असे का. व्हिएतनाममधल्या मुलांच्या 2011 च्या अभ्यासात एमआयसीबी आणि पीएलसीई1 या दोन जनुकांतले फरक डेंग्यूच्या गंभीर अवस्थेशी जोडलेले आढळले, पण त्यांचा परिणाम लहान होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आधी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे का. त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली की धोका वाढतो. म्हणून जुने डेंग्यूचे अहवाल फेकू नका, त्याच वंशावळीच्या पानाला जोडून ठेवा. ताप उतरत असतानाच पोटात सारखे दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नका.

तुमच्या घरापुरते बोलायचे तर आजी आणि मधुमेह असलेली आई यांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी का, हे तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. भावाचा 2021 चा डिस्चार्जचा कागद सापडला, तर त्याला किती ऑक्सिजन लागला, व्हेंटिलेटर लागला होता का आणि तेव्हा साखर किती होती, हे पाहा. केवळ मास्कने ऑक्सिजन देऊन तो बरा झाला असेल तर पुढे काही करायची गरज नाही. व्हेंटिलेटर लावावा लागला असेल, तर तो कागद आणि वंशावळीचे पान घेऊन त्याने एकदा तज्ज्ञाला भेटावे, आणि तेही त्याची इच्छा असेल तरच. पान काढताना कुठे अडलात तर मला पुन्हा लिहा.